उघड्या तोंडाची भाषा

"तोंड उघडं ठेवा, बाबा. आणखी. हां, तसंच."

धाकट्या डॉक्टरांनी गालाच्या आत कापसाचा बोळा सरकवला. खुर्चीत मोठे डॉक्टर आडवे होते. याच खुर्चीपाशी उभं राहून त्यांनी चाळीस वर्षं लोकांचे दात काढले. चार महिन्यांपूर्वी झटका आला. उजवा हात गेला, ओठ लुळे पडले, बोलणं गेलं. मेंदूच्या तज्ज्ञाने पाच मिनिटं तपासलं आणि सांगून टाकलं, "समज उरलेली नाही. जे येतात ते नुसते आवाज." पाच मिनिटांत माणूस निकालात. एवढं शिकल्याशिवाय एवढी हिंमत येत नाही.

उद्या सकाळी त्यांना संस्थेत ठेवायचं होतं, समज नसलेल्यांच्या वॉर्डात. त्याचे कागद टेबलावर पडले होते. तेवढ्यात दाढ ठणकायला लागली, म्हणून आज इथे.

"ठोकून बघितलं की सगळ्याच दाढांना ओरडतात," धाकटे वैतागून म्हणाले. "एक्स-रेला स्थिर बसत नाहीत. वरच्या दाढेला खड्डा दिसतोय. तीच काढतो. बधिर करायची सुई द्या, मावशी."

मावशी ट्रे घेऊन उभ्या होत्या. एकोणीस वर्षं त्या इथे मदतनीस. शिक्षण सातवी. पण एक गोष्ट त्यांनी केली होती, जी कुठल्या पदवीवाल्याला सुचली नव्हती. त्यांनी एक भाषा तयार केली होती.

झालं असं, की खुर्चीतला पेशंट तोंड उघडं ठेवून बोलू बघतो आणि कोणाला काही कळत नाही. मावशींनी आरशासमोर तोंड वासून स्वतःवर प्रयोग केले. ओठ मिटत नाहीत, म्हणजे प, ब, म बाद. जिभेचं टोक अडकलेलं, म्हणजे त, द, न, ल बाद. उरलं काय? घसा. क, ख, ग, घ, ह, आणि सोबत आ नाहीतर ए. एवढ्या भांडवलावर त्यांनी शब्द रचले. 'का' म्हणजे दुखतंय. 'काका' म्हणजे फार दुखतंय. 'हा' म्हणजे थांबा, 'हे' म्हणजे नाही. मागे 'खे' जोडला की वर, 'घे' जोडला की खाली. आवाज नाकातून काढला की प्रश्न. त्याचा तक्ता करून खुर्चीच्या बरोब्बर वर छताला चिकटवला. आडव्या माणसाला दुसरं दिसणार तरी काय?

मोठे डॉक्टर तेव्हा खूप हसले होते. "तुमची माकडभाषा शिकायला मला वेळ नाही, बाई. छताचा डाग झाकला जातोय, म्हणून राहू द्या." मान वर करून वाचत गेले आणि शेवटच्या ओळीवर थांबले. 'घाके : हात धरा.' खिशातलं लाल पेन काढून, स्टुलावर चढून त्यांनी ती ओळ खोडली. "इथे लोक दात काढायला येतात. हात धरायला नाही." तक्ता लावून तासही झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी मावशींनी ती ओळ सोडून नवा तक्ता लिहून लावला.

आज सकाळी धाकट्यांनी तोही काढून टाकला. रंगारी येणार होता. छतावर फिका चौकोन तेवढा राहिला होता.

सुई तोंडाजवळ आली. मोठ्या डॉक्टरांनी डावा हात उचलला. धाकट्यांनी तो खाली दाबला. "हलू नका ना, बाबा!"

"हा! हा! काघे!"

मावशींनी ट्रे धाडकन खाली ठेवला.

"थांब रे!" जन्मात पहिल्यांदा त्यांनी धाकट्यांना दवाखान्यात अरे-तुरे केलं. "ते ओरडत नाहीयेत. उत्तर देतायत."

"मावशी, प्लीज. तज्ज्ञांनी सांगितलंय..."

"तुझा तज्ज्ञ गेला खड्ड्यात. वर ठोक."

का कोण जाणे, त्यांनी ठोकलं.

"हे," मोठे डॉक्टर म्हणाले.

"नाही म्हणतायत. आता खाली. त्या जुनी टोपी, कॅप बसवलेल्या दाढेवर."

"काका! काका!"

धाकट्यांनी टोपी हलवून बघितली. कडेने पू आला. वरची दाढ उगाच गेली असती. धाकट्यांनी सुई पुन्हा उचलली, आता खालच्या दाढेसाठी.

"कां?" खुर्चीतून नाकातला आवाज आला.

"दुखेल का, विचारतायत," मावशी म्हणाल्या. "चाळीस वर्षं लोकांना मुंगी चावल्यासारखं वाटेल म्हणून फसवलंत ना, डॉक्टर? आता चावून घ्या."

लुळ्या ओठांची एक बाजू वर गेली. मावशींनी ती पाहिली. धाकट्यांनीही पाहिली. मग धाकटे टेबलावरच्या कागदांकडे बघत राहिले.

"तो तक्ता तर मी सकाळीच काढला," ते हळूच म्हणाले. "मग हे बघून बोलतायत कुठून?"

मग त्यांनी सुई टोचली. औषध चढलं. गाल बधिर झाला. मोठ्या डॉक्टरांनी डोळे मुलाकडे वळवले आणि डावा हात पुन्हा उचलला.

"घाके."

मावशींनी तोंडाला पदर लावला.

"परत दुखतंय का?" धाकट्यांनी घाबरून विचारलं. "मावशी, सांगा ना. काय म्हणतायत?"

"दुखत नाहीये, बाळा," मावशी म्हणाल्या. "त्यांनी स्वतः खोडलेला शब्द आहे. हात धर म्हणतायत."