पाहुणी पुन्हा जिंकली

किलवरच्या साध्या पंजीने पाहुणीने शेवटून दुसरा हात नेला आणि डाव जिंकला. पुन्हा. समोर आजीजवळ हुकमाचा राजा होता. पाहुणीला तो आजीच्याच चष्म्याच्या काचेत मिशांसकट दिसत होता. तरी आजीने निमूट चौकटची तिर्री टाकली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"हरले बाई मी! काय खेळता हो तुम्ही!"

आजीचा मुलगा पेशाने घड्याळजी. तो टाळ्या वाजवायला लागला. सून दातांची डॉक्टर. तिने उठून केकचा सगळ्यात मोठा तुकडा पाहुणीच्या बशीत ठेवला. पाहुणी हसली. असं हसून हसून तिचे गाल दुखायला लागले होते.

ही पाहुणी म्हणजे परदेशातून शिकायला आलेली आणि या कुटुंबात वर्षभर राहणारी मुलगी. वरच्या मजल्यावरची उजेडाची खोली तिची. सकाळी गरम पाण्याचा पहिला मान तिचा. चुकून कप विसळायला गेली, तर घराला आग लागल्यासारखी तिघंही धावत येत. फोनवर तिची आई म्हणायची, "मज्जा आहे गं तुझी, अगदी राणीसारखी ठेवलीय!" आणि फोन ठेवला की राणी उशीत तोंड खुपसून रडायची. सहा महिने झाले, तरी ती त्या घरात हॉटेलात उतरल्यासारखीच होती.

आणि आजी म्हणाल, तर ती काही साधीसुधी बाई नव्हे. अख्ख्या गल्लीत तिच्याइतकं रडी कुणी खेळलं नव्हतं. पत्त्यांच्या जोडात बावन्न पानं असतात ती दुसऱ्यांच्या घरी; आजीच्या टेबलावर कधी सत्तेचाळीस निघत, कधी साठ. तरुणपणी आजोबा तिच्याशी एकच डाव खेळले आणि अंगावरच्या कोटापासून मोज्यांपर्यंत सगळं हरून बसले. कपडे परत मिळावेत म्हणून बिचाऱ्यांनी लग्न केलं, असं गल्लीतले लोक अजून शपथेवर सांगतात. मुलगा आजीवरच गेला होता. आणि सून? ती लग्न होऊन आली आणि वर्षाच्या आत दोघांना पुरून उरली.

पाहुणीला हे कळलं ते मागच्या रविवारी. डोकं दुखतंय म्हणून ती वर पडली होती. खालून आरडाओरडा ऐकू आला. ती घाबरून जिन्यात आली, तर खाली लढाई जुंपलेली.

"आई, ते पान खाली ठेव!"

"आधी तुझ्या बायकोच्या मोज्यातला गुलाम काढ, मग माझ्यावर ओरड!"

सून हसता हसता खुर्चीवरून घसरत होती. खिडकीच्या काचा थडथड वाजत होत्या. तेवढ्यात घड्याळजीचं लक्ष जिन्याकडे गेलं. वर्गात साहेब तपासणीला यावेत, तशी तिघं झटकन सरळ बसली.

"या ना, बसा ना," आजी म्हणाली. "सूप गरम करू का तुमच्यासाठी?"

ते सूप काही पाहुणीच्या घशाखाली उतरलं नाही. वसतिगृहात एक खोली रिकामी झाली होती. उद्या, सोमवारी, होकार कळवायचा होता. तिथे निदान कुणी तिच्यासाठी मुद्दाम हरणार नव्हतं.

तिने केकची बशी बाजूला सारली.

"अजून एक डाव," ती म्हणाली. "पानं मी पिसते."

दुसऱ्याच हाताला तिने हुकमाचा एक्का टाकला, सगळ्यांदेखत. हात तिचाच झाला. पानं गोळा करताना तो एक्का तिने स्वेटरच्या बाहीत सारला. जन्मात कधी शेजारच्याच्या पेपरात न डोकावलेली मुलगी ती! बाहीत निखारा ठेवावा तसा हात भाजत होता. शेवटचा हात आला. पाहुणीला जिंकता यावं म्हणून आजीने इमानदारीत सत्ती टाकली. पाहुणीने एक्का आपटला.



"हा एक्का," घड्याळजी हळूच म्हणाला, "मघाशी येऊन गेला ना?"

आजीने चष्मा नाकावर वर चढवला. टेबलावरून हात लांब करून तिने पाहुणीचं मनगट धरलं आणि बाही झटकली. आधी एक्क्याच्या बदल्यात लपवलेली दुर्री पडली. मग सरावासाठी सारून बघितलेली बदामची राणी. मग एक जोकर, जो तिथे कधी शिरला ते पाहुणीलाही माहीत नव्हतं.

सुनेने तोंडावर हात धरला. पाहुणीचे कान तापले. आता वसतिगृहाची वाट बघायलाच नको, अंधार पडायच्या आत आपली बॅग दाराबाहेर जाणार, हे तिला दिसत होतं. पण तिने मान काही खाली घातली नाही.

"हो, खेळले रडी!" ती टेबलावर हात आपटून ओरडली. "तू नाही खेळत? रोज खेळतेस, सगळ्यांशी खेळतेस! माझ्याशीच तेवढी संतासारखी वागतेस!"

आजीने पडलेली तीन पानं एक एक करून उचलली, उलटसुलट करून पाहिली, आणि मग अशी गरजली की समोरच्या घरातला कुत्रा पलंगाखाली गेला.

"गाढवे! एवढं विद्यापीठात शिकतेस, आणि पान बाहीत लपवतेस? आपल्या घरात ते मांडीखाली लपवतात!"