जगलेल्या पेशी

पेशीतली वीस हजार जनुकं एकेक करून बंद करून पाहायची, तर ती कापणारी प्रथिनाची सूक्ष्म कात्री अचूक हवी. संशोधिकेने जिवाचं रान करून तशी कात्री घडवली होती. पण दोन वर्षं तिच्या पेशी तिसऱ्या दिवशी माना टाकत होत्या. कात्रीच विषारी आहे, असं प्रयोगशाळेत सगळे म्हणू लागले. वीस हजार जनुकांच्या त्या मोठ्या तपासणीसाठी शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने आधी घडवलेली कात्री घ्यायचं जवळजवळ ठरलंही होतं. मैत्रीण मात्र सख्ख्या बहिणीसारखी पाठीशी उभी होती. रडायला खांदा द्यायची, वर पेशींना लागणारं पोषक द्रावणही हिच्यासाठी आठवणीने भरून ठेवायची.

मैत्रीण भावाच्या लग्नाला गेली. त्याच आठवड्यात तिने भरलेली बाटली हिच्या हातून निसटून फुटली, म्हणून हिने कपाटातली नवी, सीलबंद बाटली उघडली. तिसरा दिवस गेला, पाचवा गेला. पेशी टवटवीत होत्या, आणि हवी तीच जनुकं नेमकी कापली गेली होती.

आनंदाच्या भरात हिने पहिला फोन मैत्रिणीलाच लावला. "अगं, जगल्या! सगळ्या जगल्या!"

मैत्रीण म्हणाली, "म्हणजे... मी भरून ठेवलेली बाटली वापरली नाहीस तू?"

बाटलीबद्दल हिने चकार शब्द काढला नव्हता. हिने फोन तसाच टेबलावर ठेवला. पलीकडून मैत्रीण कितीतरी वेळ "हॅलो, हॅलो" करत राहिली.