रुतिलिओवरची जाळी

"तसबिरीत गाल थोडे भरीव कर गं," डोन्या चोले सुनेला म्हणाली. "चिपाड दिसतोय माझा रुतिलिओ."

हासिंताने करवत थांबवली. "आई, तो चिपाडच होता."

"माझ्या हातचं खाऊन कुणी चिपाड राहिलं नाही. तूच उपाशी ठेवलंस."

सासूशी भांडायलाही अंगात त्राण लागतं, आणि सणाच्या सकाळपर्यंत हासिंताच्या अंगात ते औषधालाही उरलेलं नव्हतं. तिने नवी पातळ फळी घेतली आणि नवऱ्याचे गाल भरीव केले. एकदाचं म्हातारीच्या मनासारखं होऊ दे, म्हणजे झालं!

हाच या घराचा धंदा. पातळ फळ्या कातरायच्या, रंगवायच्या, एकावर एक चढवायच्या. तळाला झेंडूचं रान, त्यावर गेलेल्या माणसाचा चेहरा आणि सगळ्यात वर हाडांची नाजूक जाळी: कवटी, दात, डोळ्यांच्या खोबणींभोवती फुलं. जाळी बसेपर्यंत ती नुसती तसबीर. जाळी बसली की माणूस मेलेला. मग त्याला मृतांच्या सणाला घरातल्या आराशीत मांडायचं, त्याच्यापुढे पाणी, मीठ, पाव ठेवायचा.

पण जाळी कारागिराने बसवायची नाही, बायकोनेही नाही. ती बसवायची रक्ताच्या माणसाने. आणि जिवंत माणसावर बसवली, तर त्याला आपल्या हाताने खड्ड्यात लोटल्याचं पाप. तळ्याकाठच्या त्या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

रुतिलिओ कामासाठी सरहद्दीपलीकडे गेला तो गेलाच. आधी फोन यायचे, मग तेही थांबले. दर वर्षी हासिंता त्याची जाळी कातरायची आणि दर वर्षी म्हातारी ती चुलीत घालायची. "माझं पोर जिवंत आहे," म्हणायची. "मला कळतं." गावातल्या बायका पदराने डोळे पुसायच्या. आईचं काळीज, दुसरं काय!

हासिंताच्या काळजाचं मात्र कुणी विचारलं नाही. ना धड सवाशीण, ना धड विधवा. अख्ख्या गावाचे मेलेले तिने सजवले होते आणि तिचा स्वतःचा नवरा मात्र जाळीवाचून दारावरच्या खिळ्याला लटकत होता, वर्षानुवर्षं, तिच्याकडे बघत.

त्यात भर पाववाल्या निकानोरची. विधुर माणूस, कमी बोलणारा. आदल्या दिवशी भट्टीपाशी त्याने तिला थांबवलं होतं.

"सण झाला की मी मोरेलियाला चाललो, भावाच्या बेकरीत," तो म्हणाला. "येत असशील तर चर्चमध्ये लग्न करून नेईन. पण जिवंत माणसाची बायको पळवून नेणारा मी नाही, हासिंता. आजचं मरण उद्यावर किती दिवस ढकलणार?"

"माझ्या हातात आहे का ते?"

"नाही," निकानोर म्हणाला. "म्हणून तर मीही थकलो."

घरी तिने यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. पण म्हातारी कसली बेरकी!

"पाववाल्याकडचा पाव हल्ली आपल्याकडे फार गरम येतो," ती आता म्हणाली. नजर मात्र लसूण सोलण्यात.

हासिंताच्या हातातला पॉलिशकागद खाली पडला. तिने तो उचलला नाही.

"आई, मी थकले हो," ती म्हणाली. "त्याची वाट बघून नाही. तुमचं वाट बघणं बघून. टाका ही जाळी पण चुलीत. मग मलाच टाका."

आणि ती रडली नाहीच. म्हातारीने तिच्याकडे पाहिलं. रंगाने माखलेली, चिरलेली बोटं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, वेळेआधी पिकलेली कपाळावरची बट.

"दे ती इकडे," ती म्हणाली.

हासिंताला आधी कळलंच नाही. म्हातारीने स्वतःच जाळी ओढून घेतली, बोटाने सरस लावला आणि लेकाच्या चेहऱ्यावर ती टेकवली. दात आधी तिरके बसले. तिने ते सरळ केले, तळहाताने दाबून धरले.

"देवा, मला क्षमा कर," ती पुटपुटली.

मग तिने रुतिलिओला आराशीत मांडलं, आपल्या गेलेल्या नवऱ्याच्या शेजारी, झेंडूच्या कमानीखाली. धूप पेटवला. मोलेच्या तिखट रश्श्याची वाटी पुढे सरकवली. तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. हासिंता मात्र आता हमसून हमसून रडत होती, आणि रडता रडता तिला हलकं वाटत होतं, आणि हलकं वाटतंय याची लाजही वाटत होती.

"जा, सांगून ये त्याला," म्हातारी म्हणाली. "आणि पायात काही घाल. नवरी मुलगी अनवाणी धावत आली म्हणून हसतील लोक."

हासिंता गेली. निकानोर पिठाचे हात तसेच धरून ऐकत राहिला. मग "बरं झालं," एवढंच म्हणाला आणि ताजे पाव तिच्या ओंजळीत ठेवले.

ती परतली तेव्हा उन्हं उतरली होती. घरोघरी लोक आपापल्या आराशीपुढे बसून गेलेल्यांशी गप्पा मारत होते, त्या दिवशी मारतातच तशा. त्यांच्याही घरातून म्हातारीचा आवाज येत होता. हासिंता दाराबाहेरच थांबली. आईचं लेकाशी बोलणं, मध्ये कशाला जायचं?

"हो रे बाबा, केलं मी ते," म्हातारी म्हणत होती. "माझ्याच हातानं. रडू नकोस. ती पोर मोकळी झाली. दुसरा मार्गच नव्हता रे... तू जेवलास का?"

पाव थंड होतील म्हणून ती हलकेच आत शिरली.

म्हातारी आराशीकडे पाठ करून बसली होती, मोबाइल कानाला लावून.

"आता पुन्हा या नंबरावर फोन करू नकोस," ती म्हणाली. "आणि तिकडे तुझ्या लेकरांना सांग, आजी वारली."