चोवीस टाचण्या

सिस्टरनी वापरलेले कापसाचे बोळे कागदावर ओळीनं मांडले आणि मोजले. सहा. पुन्हा मोजले. सहाच. मग कागद गुंडाळून पिशवीत टाकला.

"सिस्टर, आम्ही कापूस चोरत नाही हो," शिलाई मशिनवरून मुलगी म्हणाली. हे ती रोज म्हणायची आणि सिस्टर रोज हसायच्या. आज हसल्या नाहीत.

खाटेवर मुलीची आई पडून होती. पोटाचं ऑपरेशन होऊन तेवीस दिवस झाले होते. आठवड्यात हिंडायला-फिरायला लागतील, असं डॉक्टर म्हणाले होते. हिंडणं राहिलं बाजूला, टाके सुकेनात, ताप हटेना, पोटात अन्न ठरेना. डॉक्टरांकडे दोनदा नेलं. त्यांनी दोनदा औषध बदललं, वयाचा परिणाम म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मुलीला या एका माणसाशिवाय जगात कोणी नव्हतं, आणि ते माणूस तिच्या डोळ्यांदेखत विरत चाललं होतं.

अशात धावून आल्या त्या या सिस्टर. ऑपरेशनच्या वेळी त्या डॉक्टरांच्या हाताखाली होत्या, एवढीच ओळख. आई घरी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या दारात उभ्या. तेव्हापासून ड्युटी संपली की थेट इकडे. जखम धुवायची, चादर बदलायची, चमच्याचमच्यानं दूध पाजायचं, आणि पैशाचं नाव काढू द्यायचं नाही. सख्खी मावशी इतकं करणार नाही, असं मुलगी शेजारणींना सांगायची. खरंच होतं ते. सख्खी मावशी एकदाच आली होती, आणि घड्याळ बघत बसून गेली होती.

निघण्याआधी सिस्टर आईच्या पावलांवर हात ठेवून डोळे मिटून बसत. त्यांचे ओठ हलत. मागच्या आठवड्यात आईनं विचारलंच होतं, "काय गं पुटपुटतेस रोज?"

"तुम्ही सुखी व्हा, निरोगी व्हा, एवढंच. विहारात भंते शिकवतात. आई एकुलत्या एका लेकराला जपते तसं सगळ्यांना जपा, म्हणतात."

"आणखी काय म्हणतात?"

"आपण केलेलं आपलंच असतं, म्हणतात. ते दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही."

"मला आपलं ते पहिलंच आवडलं," आई म्हणाली. "पण मग मी बरी का होत नाही गं? तू तर रोज म्हणतेस."

सिस्टरनी चादर सारखी केली. ती आधीच सारखी होती.

आज आई काही विचारत नव्हती. सकाळपासून तिनं लेकीलाही ओळखलं नव्हतं. सिस्टरनी नाडी बघितली, पावलांवर हात ठेवले आणि डोळे मिटले. खोलीत मशिनची खडखड तेवढी चालू होती. मग तीही थांबली.

फ्रॉक शिवून झाला होता. वर्षाच्या पोरीचा, आतून मऊ अस्तर लावलेला. अर्ध्या तासात गिऱ्हाईक न्यायला येणार होतं. मुलीनं टाचण्यांची डबी टेबलावर पालथी केली आणि मोजल्या. चोवीस. असायला हव्या होत्या पंचवीस. तिनं मशिनखाली पाहिलं, चिंध्या झटकल्या, स्वतःच्या ओढणीवरून हात फिरवला. मग ब्लेड घेतलं आणि अस्तराची शिवण उसवायला लागली.

सिस्टरनी डोळे उघडले. "हे काय? तयार झाला होता ना?"

"एक टाचणी कमी भरतेय. आत राहिली असणार."

"पडली असेल कुठेतरी. तुझंच मोजणं चुकलं असेल."

"असेलही."

"आता गिऱ्हाईक येईल. चार शब्द ऐकवेल."

"ऐकवू दे की. मी काय साखरेची आहे विरघळायला?"

"त्यांना कळणार तरी आहे का?"

मुलीनं मान वर केली नाही. टाके एकेक करून तुटत होते. "त्यांना नाही कळणार. पण मला माहीत आहे ना, सिस्टर. माहीत असून कसा देऊ? नंतर त्या पोरीचे कितीही लाड केले, तरी टोचायची ती टोचणारच."

कमरेच्या चुणीत टाचणी सापडली. मुलीनं ती डबीत टाकली, झाकण लावलं आणि सहज वर पाहिलं. सिस्टरचे हात आईच्या पावलांवरून खाली आले होते. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

"ऑपरेशनच्या दिवशी पोटातलं रक्त टिपायला मी गॉजच्या दहा घड्या दिल्या होत्या," त्या म्हणाल्या. "पोट शिवायच्या आधी मोजून घेतल्या. नऊ आल्या. डॉक्टर म्हणाले, तुझंच मोजणं चुकलं असेल, लिही दहा. मी लिहिलं. खाली सही माझी आहे."

मुलीला आधी काही कळेना. ब्लेड हातात तसंच राहिलं.

"गाडी बोलाव. दुसऱ्या हॉस्पिटलात नेऊ. मी तिथं सगळं लिहून देते. पोट पुन्हा उघडावं लागेल."

मुलीनं खाटेकडे पाहिलं. सारखी केलेली चादर. अर्धी राहिलेली दुधाची वाटी. उशाशी धुऊन ठेवलेला चमचा. मग ती सिस्टरकडे वळली.

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"मला माहीत आहे," सिस्टर म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून."