टाकीखालची माती

बंद पेट्रोल पंपाची गळकी टाकी उचलून झाली होती. आता तिच्याखालची पेट्रोल मुरलेली माती उपसायची होती. थोरला भाऊ जेसीबीवर होता, धाकटा खड्ड्याच्या काठावर. प्रत्येक खेपेला धाकटा चिमूटभर माती हुंगायचा आणि म्हणायचा, "अजून खाली."

दुपारी त्याने तीच चिमूट दोनदा हुंगली.

"गेला का वास?" थोरल्याने विचारलं.

"पेट्रोलचा गेला. पण दादा, हिला आपल्या घराचा वास येतोय."

"भूक लागली असेल तुला," म्हणत थोरल्याने इंजिन बंद केलं आणि खाली उतरून माती नाकाशी धरली. बाळाची पावडर, आईचं मलम, दोरीवरचे ओले कपडे.

हात झटकून तो लांब फाटकापाशी गेला आणि त्याने बायकोला फोन लावला.

"सगळं ठीक आहे ना?"

"ठीकच आहे. बाळ आत्ताच झोपलंय. फक्त सकाळपासून छतातून माती पडतेय, अहो. आपल्या वर तर कोणीच राहत नाही."

तेवढ्यात फोनमध्ये बाळ रडायला लागलं.

खड्ड्याच्या काठावर धाकटा गुडघे टेकून बसला होता. त्याने मान वर केली.

"दादा," त्याने तिथूनच हाक मारली, "खाली बाळ रडतंय."