कमांडोची आई

गोष्टीचं मध्यंतर जवळ आलं होतं आणि समर बेदी झोपला. व्हॅनिटी व्हॅनच्या सोफ्यावर तो आडवा होता, डोळ्यांवर काळा चष्मा, पाय बिमलाच्या मांडीवर. बिमला रोज जेवणाच्या सुट्टीत त्याचे पाय दाबायला सेटवर येते. पावलं सैल पडलेली हाताला कळली तशी तिने मान वर करून बघितलं. समोर बसून गोष्ट वाचणाऱ्या वसुधा निगमच्याही ते लक्षात आलं, पण तिने वाचणं थांबवलं नाही.

थांबायचं नसतं. या धंद्यात बावीस वर्षं काढलेल्या बाईला हे कोणी सांगावं लागत नाही. हिरो ऐकता ऐकता झोपला तर खुशाल झोपू द्यावं, आपण बोलत राहावं. आवाज बंद पडला की तो दचकून उठतो, आणि दचकून उठलेला हिरो कुठल्याही पिक्चरला हो म्हणत नाही. शेजारच्या खुर्चीतून निर्माते लखानी यांनीही डोळ्यांनीच खूण केली, चालू द्या.

समर हो म्हणाला तर पिक्चर होणार होता. नाही म्हणाला तर उद्यापासून लखानी तिचा फोन उचलणार नव्हते. आजवर वसुधाने दुसऱ्यांच्या गोष्टींना संवाद लिहून दिले, नऊ पिक्चरांना. 'कथा' या शब्दापुढे तिचं नाव पडद्यावर एकदाही आलं नव्हतं. ही गोष्ट मात्र तिची होती. म्हणजे एके काळी होती. कानपूरला एका म्हातारीची स्मृती गेलेली असते, मुंबईहून मुलगी येते, तर आई तिला नवी कामवाली समजते. चार वेळा लिहून होईपर्यंत मुलीचा मुलगा झाला, मुलगा कमांडो झाला, आई त्याला ड्रायव्हर समजू लागली आणि मध्यंतराला अंगणात बॉम्ब आला. दर बदलाला वसुधा "होऊन जाईल" म्हणाली, आणि ते झालंही. कामाला ती चोख आहे, असं सगळेच म्हणतात.

समर बारीक घोरायला लागला. वसुधाने फाईल मांडीवर पालथी घातली आणि त्याच आवाजात, त्याच लयीत ती पहिली गोष्ट सांगू लागली. ठरवून केलं असं नाही. तोंड चालू ठेवायचं होतं आणि हे तिला पाठ होतं.

मुलगी अंगणातल्या नळावर भांडी घासते आहे. आई खाटेवर मटार सोलत बसली आहे. माझीही एक मुलगी आहे, आई सांगते, मुंबईला असते, सिनेमात लिहिते, तिला वेळ नसतो. दिसायला कशी आहे, मुलगी विचारते. आई तिला नीट न्याहाळते आणि म्हणते, तुझ्यापेक्षा उजळ आहे. मुलगी घासलेलंच पातेलं पुन्हा घासायला घेते. मग आई आवाज खाली आणून म्हणते, तू नको जाऊस हं, तू हाताची चांगली आहेस, आणि ती काही आता येत नाही. मुलीचं परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं असतं. सकाळी ती ओढणी कमरेला बांधते आणि नळावर जाऊन बसते.

लखानी आधी चमकले. मग त्यांनी समरकडे बघून घेतलं आणि ते फोनमध्ये डोकं घालून बसले. बिमलाचे हात मात्र थांबले. पाय दाबणं थांबलं तसा समर चाळवला, त्याने चष्मा काढला.

"आणि अंगणात बॉम्ब फुटतो," वसुधा म्हणाली. "मध्यंतर."

समर उठून बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड चोळलं. डोळे लाल झाले होते.

"काय लिहिलंय, वसुधाजी. आईचं ते सगळं ऐकताना मला भरून आलं," तो म्हणाला. पुढचं ऐकायची गरज नाही, पिक्चर आपण करतोय, असंही त्याने सांगून टाकलं. फक्त एका बॉम्बने काय होणार, निदान दोन तरी करा.

"होऊन जाईल," वसुधा म्हणाली.

लखानींनी उठून त्याला मिठी मारली, मग तिचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. वसुधा आनंद होण्याची वाट बघत राहिली. बावीस वर्षं जे ऐकायचं होतं ते ऐकून झालं होतं, आणि आत काही म्हणजे काहीच हललं नाही.

समरला शॉटसाठी बोलावणं आलं. त्याच्या मागोमाग उतरताना लखानी तिच्या कानाशी वाकले. मध्येच ते जुनं काय काढलंत, तो झोपला होता म्हणून वाचलो, असं ते म्हणाले. लक्ष नव्हतं माझं, वसुधाने सांगून टाकलं. त्यांना ते पटलं.

व्हॅनमध्ये बिमला उरली. तिने तेलाच्या बाटलीला झाकण लावलं, टॉवेलची घडी घातली, तरी ती जाईना.

"दीदी," तिने विचारलं, "त्या मुलीला आईने शेवटी ओळखलं का?"

वसुधा फाईल पिशवीत घालत होती. "नाही," ती म्हणाली. "आई तशीच गेली."

बिमलाला ते अजिबात आवडलं नाही. तिने घडी केलेला टॉवेल पुन्हा उलगडला आणि पुन्हा घडी घातली.

"मग तेवढं बदला ना, दीदी. ओळखू द्या तिला. लिहिणाऱ्या तर तुम्हीच आहात."