उघड्या डोळ्यांचा फोटो

"कॉलर नीट करा हो, जहाजावर निघालाय, भाजी आणायला नाही," आई बाबांवर करवादली. क्रूझच्या व्हिसासाठी डोळे उघडे असलेला फोटो लागतो. स्टुडिओवाल्याने फोटो काढला, तर डोळे मिटलेले. पुन्हा काढला, पुन्हा मिटलेले. मी समोरच उभी होते. बाबांनी पापणीसुद्धा हलवली नव्हती. "बघतोय की मी!" ते म्हणाले. फ्लॅश बंद केला, खुर्ची हलवली, कॅमेरा बदलला. पडद्यावर बाबा गाढ झोपलेले आणि दर फोटोत आणखी शांत. बाबांचे रिपोर्ट पाहून डॉक्टर आईला आणि मला बाजूला घेऊन जे बोलले, ते बाबांपासून लपवून आम्ही सहलीची घाई चालवली होती. स्टुडिओवाल्याने घाम पुसला. "काका, उद्या या." "उद्याचं नको," आईने बाबांचा हात घट्ट धरला. "व्हिसाचं राहू द्या, दादा. एक उघड्या डोळ्यांचा काढाच. हे गेल्यावर भिंतीवरून माझ्याकडे बघायला हवेत ना."